कांडीचं वरचं टोक

"काका, सापडलं! सात नंबर! सात नंबरमध्ये आहे!"

मॅडम ओरडतच गोदामात शिरल्या तेव्हा मी शिडीवर होतो. एका हातात फडकं, दुसऱ्या हाताने रॅक धरलेला. मॅडमना धावताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. आमच्या खात्यात धावायची पद्धतच नाही. जे शोधायचं ते कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडून आहे, आणखी अर्ध्या तासाने त्याचं काय बिघडणार, असा सगळ्यांचा निवांत कारभार असतो.

"काय सापडलं?" मी विचारलं. मला ठाऊक होतं. पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"लिथियम हो! आणि थोडंथोडकं नाही. प्रयोगशाळेवाल्यांना वाटलं, आपलंच यंत्र बिघडलं. त्यांनी दोनदा तपासलं!"

मी शिडी उतरलो की शिडीवरून उडी मारली, ते आता आठवत नाही. गुडघा दोन दिवस दुखत होता, त्या अर्थी उडीच असावी. मॅडमनी माझे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. त्यांच्या डोळ्यांत पाणी, माझ्या अंगावर काटा, आणि दोघांच्या हातांवर तीस वर्षांची दगडाची धूळ. कुठल्या पेटीत सापडलं, हे मी विचारलंच नाही. आनंदाच्या भरात असलं कोण विचारतो?

माझं नाव पगाराच्या चिठ्ठीवर 'नमुना संग्रह साहाय्यक' या हुद्द्यासमोर येतं. एरवी सगळे मला पेटीमास्तर म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, मी गाणाऱ्यांना साथ करतो. एकाने तर मोठ्या आदराने घरच्या कार्यक्रमाला बोलावलंही होतं. सुरांशी माझा काही संबंध नाही. माझ्या पेट्या दगडांच्या.

जमिनीखाली काय आहे ते बघायचं असलं की बोअर मारतात. पोकळ नळी फिरत फिरत खाली जाते आणि तिच्यात दगडाची कांडी भरून येते, मनगटाएवढी जाड. ती तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढून लाकडी पेटीतल्या खाचांमध्ये मांडायची. पुस्तकातल्या ओळींसारखी, डावीकडून उजवीकडे, एकीखाली एक. मध्येमध्ये लाकडाचे छोटे ठोकळे ठेवायचे, त्यांच्यावर खोली लिहिलेली. एका पेटीत पाच मीटर जमीन मावते. अशा चार हजार एकशे साठ पेट्या माझ्या ताब्यात होत्या.

आमच्या भागात तीस वर्षांपूर्वी कथील शोधायला दीडशे बोअर मारले होते. कथील निघालं नाही. निघाला नुसता राखाडी दगड, आणि कुठेकुठे पांढरा. शोधणारे हिरमुसले होऊन गेले आणि पेट्या माझ्या गळ्यात पडल्या. एका वर्षी छत गळून वह्या भिजल्या, कोणत्या बोअरमध्ये किती खोलीवर काय लागलं त्या नोंदींचा लगदा झाला. उरल्या फक्त पेट्या. गोदाम रिकामं करा, असा हुकूम चार वेळा आला. चारही वेळा मी काहीतरी खुसपट काढलं. ट्रक लहान आहे, रॅक गंजलेत, सही अर्धवट आहे. "दगडांना इतकं जपतोस," जुने साहेब म्हणायचे, "घरी काय करत असशील!"

घरचं सांगायचं तर लिथियम हा शब्द आमच्या घरात मॅडमच्या आधी दीड वर्षं आला होता, आणि तो शिवीसारखा यायचा. माझी बायको विजेवरची तीनचाकी चालवते. मुलं आपापल्या संसाराला लागल्यावर ती म्हणाली, "भिंतींशी किती बोलू?" आणि बावन्नाव्या वर्षी लायसन काढून आली. बाजार ते दवाखाना, दवाखाना ते शाळा, दिवसभर फेऱ्या. पहिली दोन वर्षं एकदा चार्ज केली की गाडी नव्वद किलोमीटर जायची. आता पन्नासालाच मान टाकते. नवी बॅटरी घ्यायची तर निम्म्या गाडीची किंमत.

"लिथियम महागलंय म्हणे," ती चप्पल काढता काढता सुरू व्हायची. "मग परवा पेपरात आलं, स्वस्त झालं. मी लगेच गेले दुकानात. तर म्हणतो, काकू, तो भाव खाणीतला, हा भाव दुकानातला. चढताना बरोबर चढले, आणि उतरायची वेळ आली की ह्यांचे जिने वेगळे!"

त्यामुळे मॅडम पहिल्यांदा गोदामात आल्या आणि "लिथियमसाठी जुन्या पेट्या बघायच्यात" म्हणाल्या, तेव्हा मी म्हटलं, "ओळखतो त्याला. आमच्याकडे रोज शिव्या खातो." मॅडम खूप हसल्या. तिशीतल्या असतील, चेहरा उन्हाने रापलेला, पाठीवर हातोडीची पिशवी. एका पालथ्या पेटीवर बसून त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. कथील शोधणाऱ्यांनी ज्या पांढऱ्या दगडाकडे ढुंकून पाहिलं नाही, त्यातच हा धातू असू शकतो. जगात तो काढणाऱ्या जागा थोड्या, आणि शुद्ध करून बॅटरीजोगा करणारे त्याहून थोडे. त्यातला एखादा अडला की सगळीकडच्या गाड्यांच्या किमती हलतात. "अख्ख्या गावाला एकच नळ असावा ना काका, तसं आहे. आपल्याकडे थोडं जरी निघालं तरी..."

मग दीड महिना आम्ही दोघांनी जीव तोडून काम केलं. त्या पेट्यांतून पांढरे तुकडे निवडायच्या, पिशवीवर आकडा घालून माझ्यापुढे ठेवायच्या, मी करवतीखाली धरून प्रत्येकाचे उभे दोन भाग करायचो. अर्धा भाग प्रयोगशाळेला, अर्धा परत पेटीत, आणि पेटीत त्याच ठेवायच्या. माझ्यासमोर दगड यायचे, पेट्या यायच्या नाहीत. इतक्या वर्षांत माझ्या दगडांना कोणी विचारलं नव्हतं. मी सकाळी अर्धा तास लवकर जायला लागलो, तर बायको म्हणाली, "लग्नाआधी मला भेटायला एवढ्या वेळेवर येत नव्हतात."

तर सात नंबरचा निकाल आला आणि खात्यात नुसती धमाल उडाली. आमचे साहेब एरवी फाइलआडून डोकं काढत नाहीत, ते स्वतः गोदामात आले आणि माझ्या पाठीवर थाप मारून गेले. रिग, म्हणजे बोअर मारायचं मोठं मशीन, बारा दिवसांसाठी मिळालं. बाराच दिवस. लिथियमचे भाव पडल्यापासून वरच्या लोकांचा उत्साह ओसरला होता. या बारा दिवसांत सात नंबरशेजारी नवा बोअर मारून पांढरा दगड लागला तर पुढचं काम मंजूर. नाही लागला तर फाइल बंद, मॅडमची बदली, आणि गोदाम पाडून तिथे वाहनतळ. साहेबांनी हे सगळं मिटिंगमध्ये वाचून दाखवलं, पण कोणाला चिंता नव्हती. दगड तर आपल्या पेटीत होता!

दुसऱ्या दिवशी दुपारी पेपरवाला आला. 'दगड वाचवणारा माणूस' असं काहीतरी त्याला छापायचं होतं. म्हणाला, "काका, ती पेटी पुढ्यात घेऊन बसा." मी केस विंचरले होते. मॅडमनी आणि रिग चालवणाऱ्या ड्रिलरने पेटी आणून टेबलावर ठेवली.

कोपरा चेपलेला होता.

बोअर सात, चाळीस ते पंचेचाळीस मीटर. सात नंबरच्या अठ्ठावीस पेट्या आहेत. सत्तावीसांबद्दल मी छातीठोकपणे बोललो असतो. ही उरलेली एक.

"हसा ना काका," पेपरवाला म्हणाला. मी हसलो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. मी अजून कायम झालो नव्हतो. पेटी दोघांनी उचलायची असा नियम. मी शहाणा, दोन पेट्या एकावर एक हातगाडीवर चढवून एकटाच ढकलत निघालो. फरशीच्या सांध्यात चाक अडकलं आणि दोन्ही पेट्या भुईवर. एक सात नंबरची, एक अकरा नंबरची. दहा मीटर जमीन माझ्या पायाशी विखुरली.

मला काम शिकवणारे म्हातारबुवा एक गोष्ट वारंवार सांगायचे. पेटी सांडली की रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ती मागच्या खड्ड्यात ओतायची. क्रम गेलेला दगड नसलेलाच बरा, नसलेला दगड निदान खोटं तरी सांगत नाही. मी लिहिलं नाही. नोकरी जाईल ही भीती होतीच, ती लपवून काय करू? पण मला ते तुकडे खड्ड्यात ओतवेनातही. मी फरशीवर बसलो आणि फुटलेल्या बशीच्या कडा जुळवाव्यात तसे तुकडे जुळवायला लागलो. बरेचसे जुळले. पांढरे मात्र काही केल्या जुळेनात, नळीत फिरून त्यांची टोकं झिजली होती. तेवढ्यात बाहेर साहेबांची गाडी वाजली. मी पांढरे सगळे सातच्या पेटीत कोंबले, उरलेले राखाडी अकराच्या पेटीत, ठोकळे अंदाजाने लावले, आणि दोन्ही पेट्या रॅकवर चढवल्या.

रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, पांढरे बहुतेक अकराचे होते. सकाळी बदलू म्हटलं. सकाळी रॅकपाशी कोणीतरी होतं. मग दुसऱ्या दिवशी. मग पुढच्या आठवड्यात. अशी सव्वीस वर्षं गेली. त्या दोन पेट्यांवरची धूळसुद्धा मी मान वळवून झटकायचो.

आता सात नंबर होता रस्त्यालगतच्या सपाट माळावर, आणि अकरा टेकडीच्या पलीकडे. रिग माळावर येऊन उभं राहणार होतं. बारा दिवस ते राखाडी दगड उपसत बसणार होतं.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा बायको ओट्यापाशी गाडीला चार्जिंग लावत होती.

"आला का फोटो?" तिने विचारलं. "शर्ट कुठला घातलात? निळाच ना?"

"अगं, जरा बस."

"बसते कशाला, बोला."

मी सगळं सांगितलं. तिच्या हातात वायर तशीच राहिली.

"सव्वीस वर्षं? आणि मला सांगितलं नाहीत?"

"लाज वाटली."

"मला वाटायचं तुमच्या पोटात काही राहत नाही. शेजारणीला माझं खरं वय सांगून मोकळे झालात, आणि हे राहिलं?"

"चार महिने राहिलेत गं रिटायर व्हायला. आता तोंड उघडलं तर काय काय ऐकावं लागेल. आणि गप्प बसलो तर... बोअर कोरडा गेला तर लोक म्हणतील, जमिनीचं काय सांगावं. माझ्यावर कोणी येणार नाही."

तिने वायर खोचली, चार्जिंगचा दिवा लागलेला पाहिला आणि ती माझ्याकडे वळली.

"बॅटरी संपली की मी भर रस्त्यात पॅसेंजर खाली उतरवते. म्हणते, ताई, माफ करा, संपली. चार शिव्या खाते. पण कोणाला भलत्याच दारात सोडून 'हेच तुमचं घर' असं कधी सांगितलेलं नाही मी." आणि आत जाता जाता म्हणाली, "ती पोरगी किती नाचत होती म्हणालात काल. तिला काय सांगणार?"

सकाळी साडेसातला मी माळावर होतो. रिगचे पाय टेकवणं चाललं होतं. मॅडम नकाशा घेऊन उभ्या होत्या, आणि मला पाहून त्यांनी लहान मुलीसारखा हात हलवला. तो हात बघून मला मागे फिरावंसं वाटलं, हे खरंच सांगतो.

"मॅडम, मशीन थांबवायला सांगा."

"का? साप निघाला का?"

"पांढरा दगड इथला नाही. अकराचा आहे. मी सांडला होता."

त्यांना आधी कळलंच नाही. मग मी पहिल्यापासून सांगितलं. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, आणि उतरला तो तसाच रागाने परत चढला.

"काका, तुम्ही काय बोलताय कळतंय का? मी आकडे वर पाठवलेत! माझी सही आहे त्याच्यावर!"

"आकडे खरेच आहेत. दगड खरा आहे. जागा तेवढी खोटी आहे."

"आणि मी काय सांगू? आमच्या काकांना सव्वीस वर्षांपूर्वीचं आठवलं, म्हणून रिग डोंगरापलीकडे न्या? कशाच्या आधारावर?"

ड्रिलर हात पुसत जवळ आला. "मला काय, इथे मारा नाहीतर तिथे मारा. मशीन उभं राहिलं तरी दिवस मोजले जातात, एवढंच सांगतो," म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

मॅडम रिगच्या पायाशी बसल्या. डोकं दोन्ही हातांत धरलं. मला वाटलं रडतायत. पण त्या विचार करत होत्या. एकाएकी त्यांनी मान वर केली.

"सांडल्या त्या दोनच पेट्या ना? अकराची ती पेटी कुठली?"

"साठ ते पासष्ट."

"मग पंचावन्न ते साठ? तिच्या आधीची?"

"ती जागची हललेली नाही कधी."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कांडी म्हणजे शेवटी एकच लांब दगड. तो जिथे मोडतो तिथे दोन तोंडं तयार होतात, आणि ती दोन तोंडं जगात फक्त एकमेकांनाच बसतात. आधीच्या पेटीतला शेवटचा तुकडा आणि पुढच्या पेटीतला पहिला, हे शेजारी. सव्वीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, कारण मी त्या रॅककडे धड बघतच नव्हतो.

त्यांच्या जीपमध्ये बसलो आणि त्यांनी ती अशी हाणली की माझी टोपी उडाली. थांबलो नाही. गोदामात शिरून आम्ही दोघांनी, नियमाप्रमाणे दोघांनी, पंचावन्न ते साठची पेटी खाली काढली. शेवटच्या खाचेतला शेवटचा तुकडा मी उचलला. राखाडी. पण अगदी टोकाला बोटभर पांढरी कड! मॅडमच्या तोंडून चीत्कार निघाला. ते टोक तिरपं मोडलेलं होतं, एका बाजूला दातासारखा उंचवटा, दुसऱ्या बाजूला अंगठ्याएवढा खळगा.

सातच्या पेटीतले पांढरे तुकडे काढले. करवतीने अर्धे केलेले, पण अर्धं तोंड शिल्लक होतं, तेवढं पुरे. पहिला लावून पाहिला, नाही. दुसरा, नाही. पाचवा, सातवा, नववा. शेवटच्या तुकड्यालाही फट राहिली. मॅडम खाली बसल्या. म्हणजे मी आता खरं बोललो तेही चुकीचंच निघणार की काय?

"काका," मॅडम हळूच म्हणाल्या, "घाईत होतात ना तुम्ही तेव्हा? उलटे तर नाही ठेवलेत?"

मी पुन्हा पहिला तुकडा घेतला. फिरवला. दुसरं टोक लावलं. नाही. दुसरा फिरवला. नाही. शेवटचा तुकडा फिरवून टोकाला लावला आणि तो बरणीचं झाकण बसावं तसा बसला. दात खळग्यात, खळगा दातावर. बोट फिरवलं तर सांधा लागेना.

मी ओरडलो. काय ओरडलो ते माहीत नाही. मॅडम माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडल्या. मग आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून पुढचा, त्याच्या पुढचा, असे लावत सुटलो. एकदा दिशा कळल्यावर झिजलेली टोकंसुद्धा ओळख दाखवायला लागली. अख्खा पांढरा दगड मी उलटा, बुडख्याकडून शेंड्याकडे मांडला होता. साठपासून जवळजवळ त्रेसष्टपर्यंत तो सलग जुळला, मध्ये पोपटी झाक असलेल्या लांब लांब पट्ट्या, एका तुकड्यातून दुसऱ्यात न तुटता जाणाऱ्या. इतक्या वर्षांत मी इतकी सुंदर वस्तू पाहिलेली नाही.

"रिग हलवतेय मी," मॅडम फोन काढत म्हणाल्या. मग थांबल्या. "काका, मी लिहिते की पुन्हा तपासणी करताना आढळलं. पेट्या हलवताना कधीतरी अदलाबदल झाली असेल, एवढंच. तुमचं नाव यायची गरज नाही."

त्या मनापासून बोलत होत्या, आणि मला ते गोड लागलं. खोटं सांगत नाही, फार गोड लागलं. पण रजिस्टर माझं होतं. मी ते उघडलं आणि आजची तारीख घालून सव्वीस वर्षांपूर्वीची नोंद लिहिली. दोन्ही पेट्यांचे आकडे, हातगाडी, फरशीचा सांधा, सगळं. खाली सही केली. अक्षर बरं आलं.

साहेबांनी ते वाचलं. दोनदा वाचलं. रिग हलवायला त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला, तेवढा माणूस सरळ. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"आणखी किती पेट्या अशा आहेत?"

"एवढ्याच दोन, साहेब."

"कशावरून?"

चार हजार एकशे साठ पेट्या. एकेकीची खाच मला तोंडपाठ होती. पण त्यांच्या बाजूने द्यायला माझ्याकडे पुरावा म्हणून माझा शब्दच होता, आणि तो किती कच्चा आहे हे मीच नुकतं लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवलं होतं. आता सगळ्याच पेट्या संशयात आल्या. या एका गोष्टीचं मला जे दुःख झालं, ते मेमो मिळाल्याचंही झालं नाही.

मेमो दुपारी मिळाला. सर्व पेट्यांची तपासणी होईपर्यंत कोणत्याही नमुन्याला हात लावायचा नाही. किल्ल्या जमा करायच्या. पेपरवाल्याला फोटो छापू नका असा निरोप गेला. निळा शर्ट वाया गेला, असं बायको म्हणाली, आणि मग उगाचच बराच वेळ माझ्याशेजारी बसून राहिली.

रिग टेकडीपलीकडे न्यायला तीन दिवस गेले. उरलेल्या नऊ दिवसांत बोअर साठ मीटर खाली जायचा होता आणि वाटेत दोनदा नळी अडकली. रोज संध्याकाळी मॅडमचा फोन यायचा. "काका, अठरा." "काका, तेहेतीस." "काका, आज फक्त चार मीटर, पण उद्या बघा." मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडे लिहायचो, आणि बायको जेवताना मला विचारायची, "कुठवर आलं?" अकराव्या दिवशी फोन आला, "सत्तावन्न!" आणि बाराव्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "आज धंदा बंद. चला."

तीनचाकी टेकडीच्या पायथ्याशी दमली. ती तिथेच लावून आम्ही चढलो. वर मशीनचा आवाज, सगळीकडे चिखल, आणि बोअरभोवती दोरी बांधलेली. साहेबसुद्धा बूट घालून आले होते. मी दोरीच्या बाहेर उभा राहिलो. हात मागे बांधले, कारण मेमो मेमो असतो.

दहा वाजता ड्रिलरने नळी वर काढली. लांब पन्हाळीवर तिरपी धरून हातोडीने ठोकली. आधी राखाडी सरकलं. मग बोटभर पांढरं. मग वीतभर. मग पांढरंच पांढरं, ओलं, चकचकीत, पोपटी पट्ट्या घेऊन बाहेर येत राहिलं, आणि ड्रिलरने डोक्यावरचं हेल्मेट हवेत फेकलं. साहेब चिखलात उड्या मारत होते. मॅडम बायकोच्या गळ्यात पडल्या.

"हेच का ते?" बायको वाकून वाकून बघत म्हणाली. "दीड वर्षं ह्याला शिव्या घातल्या मी? दिसायला किती साधं आहे हो! मग आता बॅटरी कधी स्वस्त?"

"काकू, खाण होईल, मग कारखाना, मग बॅटरी. दहा वर्षं तरी धरा."

"धरली. तोवर मी पन्नास किलोमीटरचेच पॅसेंजर घेईन."

सगळे हसले. मग हळूहळू आवाज ओसरला, कारण खरं काम आता होतं. पन्हाळीवरचे तुकडे धुऊन पेटीत मांडायचे होते. नवी कोरी पेटी, खाचा अजून पिवळ्या. मॅडमनी हातमोजे चढवले, पहिला तुकडा दोन्ही हातांत आडवा धरला. आणि त्या दोरीकडे वळल्या.

"काका, वरचं टोक कुठलं?"

त्यांना ते माझ्याइतकंच माहीत होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला. माझे हात आपोआप पुढे आले होते, ते मी परत मागे नेले.

"तुमच्या डाव्या हाताकडचं," मी म्हटलं.

त्यांनी त्यावर बाण काढला आणि तुकडा पहिल्या खाचेत ठेवला.

"पुढचा?"

"तो फिरवा. हां, तसा. आता सरकवा, टोकाला टोक लागू दे."

असं आम्ही दोघांनी काम केलं. दुपारी ऊन चढलं तेव्हा बायकोने येऊन माझ्या डोक्यावर छत्री धरली. ठोकळ्यांवर आकडे चढत गेले, साठ, एकसष्ट, बासष्ट. संध्याकाळपर्यंत जवळजवळ तीन मीटर पांढरा दगड पेटीत सरळ, क्रमाने लागला. त्यातल्या एकाही तुकड्याला मी हात लावला नाही.